रहमीमआप्पांचा ताबा

बेळगावच्या कोर्टात एकच वकील असा होता, ज्याच्या घरी ईदला शीरखुर्मा यायचा, नाताळला केक यायचा, दिवाळीला फराळाचं ताट यायचं आणि यातला एकही सण त्याचा नव्हता. त्यांचं नाव रहमीम एझ्रा थळकर. रहमीम ऐकून अर्धं कोर्ट त्यांना मुसलमान समजायचं. एझ्रा वाचणारे ख्रिश्चन समजायचे. थळकर वाचून एखादा नवा कारकून विचारायचा, "साहेब, तुम्ही कोकणातले कोळी काय?" आप्पा कुणालाच दुरुस्त करत नसत. "धर्म समजावत बसलो तर शीरखुर्मा गार होतोय," म्हणायचे.

ते बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. त्यांचे पूर्वज अलिबागेकडं तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घाणे गेले, शनिवार राहिला. टिळकवाडीतल्या त्यांच्या घराच्या फाटकावर पाटी होती, 'शनिवारी काम बंद'. पक्षकारांनी त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला. वकीलसाहेबांना साडेसाती आहे, असं सगळीकडं पसरलं. लोक सहानुभूतीनं बघायला लागले. सांबऱ्याच्या एका बाईनं तर शनीला वाहायला म्हणून तेलाची बाटलीच आणून दिली. आप्पांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मी म्हटलं, "आप्पा, खरं सांगायचं की." ते म्हणाले, "खरं काय त्यात? तेल आमच्या घराण्याचंच हाय. फिरून घरला आलंय."

मी कंग्राळीची. वकिलीची सनद मिळाल्यावर कोर्टात बसायला जागा मिळाली ती त्यांच्या टेबलाशेजारी, आणि तिथंच बरीच वर्षं गेली. आप्पा उंच, सडपातळ. कोट एके काळी काळा असावा. वय विचारलं की म्हणायचे, "प्रलंबित आहे." साक्षीदार खोटं बोलायला लागला की चष्मा काढून ठेवायचे. खोटं अंधुक दिसलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका न्यायाधीशांच्या हे ध्यानात आलं, आणि तेव्हापासून ते साक्षीदाराकडं बघायचं सोडून आप्पांच्या चष्म्याकडं बघत, असं बाररूममध्ये बोललं जायचं.

कोटाच्या उजव्या खिशात कायम खारे शेंगदाणे. त्यांच्याकडं कामं यायची ती घरं मोडल्याची. त्यामुळं टेबलासमोर रोज कुणी ना कुणी रडत असायचं. आप्पा पाण्याचा ग्लास पुढं करत नसत. मूठभर शेंगदाणे हातावर ठेवायचे. "चावा आधी. रडत रडत शेंगदाणे चावता येत न्हाईत. दोन्हीतलं एकच काय ते जमतंय." खरंच जमत नसे. बाई नाहीतर बुवा चावत बसायचे आणि रडणं मागं पडायचं.

'ताबा' या शब्दावर त्यांचा दात होता. मुलाचा ताबा मागायला कुणी आलं की कडाडायचे, "पोर म्हंजे काय सातबारा हाय व्हय, ताबा मागायला?" मग माझ्याकडं वळून हळूच, "तसं आपल्या गावाला ताब्याचं सांगायला नको. मुंबई म्हणत्या आमचं, बेंगळूर म्हणतंय आमचं, आणि गटार कोण काढत न्हाय."

ताबा मागणाऱ्याला ते एकच प्रश्न विचारायचे. पोराच्या पायाचं माप काय? निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला त्यांनी तो विचारला, तेव्हा मी तिथंच होते. बुवा पाच वर्षांच्या मुलासाठी बायकोवर दावा लावायला आला होता. कडक इस्त्री, बोटांत अंगठ्या. म्हणाला, "वकीलसाहेब, मी त्याला दहा जोड बूट घिऊन दीन."

"कुठल्या मापाचे?"

बुवा "आलोच" म्हणून बाहेर गेला. मी खिडकीतून बघितलं तर चिंचेखाली उभा राहून मोबाइलवर बोलत होता. पायाचं माप विचारायला त्यानं बायकोलाच फोन लावला होता. आधी ताठ उभा होता, मग झाडाला टेकला, मग चपला काढून पारावर बसला. आत आप्पा शांतपणे दुसऱ्या कामाचे कागद चाळत होते. बऱ्याच वेळानं बुवा आला आणि म्हणाला, "दावा आत्ताच नगं. ती म्हणाली, माप सांगत न्हाय, यिऊन मोजून जावा." बुवा मोजायला गेला तो तिकडंच राहिला. पुढं त्यानं आप्पांना पेढे पाठवले. त्यांच्या हाताखालचा कारकून कुरकुरला, की साहेब असेच प्रश्न विचारत राहिले तर आपली फी पेढ्यातच येणार.

असा हा माणूस. त्याच्या स्वतःच्या घरात ताब्याचं भांडण आलं, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं, आता बघू.

आप्पांनी लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण वारलेली, तिची मुलगी लेआ. तिला ठाण्याला दिलं होतं, त्यांच्यातल्याच जोनाथन नावाच्या मुलाला. दोन मुलं झाली, आरोन आणि तमार. मग नवराबायकोचं बिनसलं. लेआ मुलांना घेऊन बेळगावला आली, इथल्या एका दवाखान्यात नोकरीला लागली आणि आप्पांच्या घरात खालच्या दोन खोल्यांत राहायला लागली. जोनाथन वाईट माणूस नव्हता. गप्प माणूस होता. बोलायचं काम त्याच्या आईकडं होतं. मोझेलबाईंकडं.

आरोन सहा वर्षांचा झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात मोझेलबाईंचा फोन आला. 'आपल्या धर्माप्रमाणं मुलगा आता बापाचा. घ्यायला येतोय. नाही म्हणाल तर ठाण्याच्या कोर्टात जाऊ.'

लेआ संध्याकाळी आप्पांच्या टेबलासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले. आप्पांचा हात सवयीनं खिशात गेला.

"मामा, शेंगदाणे नकोत. खरं सांगा. आपल्यात असं आहे?"

"हाय," आप्पा म्हणाले. "सहा वर्षांपर्यंत पोर आईजवळ. मग मुलगा बापाजवळ, मुलगी आईजवळच."

"म्हणजे दोघांची ताटातूट?"

"नियम तेवढाच न्हाय गं. पण लोकांना पहिली ओळ पाठ असत्या." त्यांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. "येऊ दे त्यास्नी. रविवारी बोलव. घरातच बसू."

रविवारी सकाळी मोझेलबाई आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, नऊवारी नव्हे पण नऊवारीचाच तोरा. मागं जोनाथन, हातात पिशव्या. एका पिशवीत पोहे, नारळ आणि सुका मेवा होता. त्यांच्यात शुभकार्याला गोड पोह्यांचा मलिदा करतात, त्याचं सामान. नातू मिळाल्याबद्दलचा मलिदा बाई ठाण्याहूनच घेऊन आल्या होत्या.

आप्पांनी मला बोलावून घेतलं होतं. पुढं कोर्टात संमतीचा अर्ज द्यायची वेळ आली तर तो मीच करायचा, म्हणून. मी कोपऱ्यातल्या वेताच्या मोड्यावर बसले.

"अहो थळकर, सरळ बोलते," मोझेलबाई म्हणाल्या. "मुलगा आमचा, मुलगी तुमची. कुणावर अन्याय नाही."

दारात तमार उभी होती. साडेचार वर्षांची. तिनं विचारलं, "मग सायकल कुणाची?"

दोघांत एकच सायकल होती. आप्पांनी चष्मा पुसला. मुलांना मागच्या अंगणात पाठवलं आणि मग घसा साफ करून म्हणाले, "धर्म काढलाय न्हवं, मग धर्मानंच चालू. आपल्यात निवाड्याला तीन माणसं लागत्यात. एक तुमच्या बाजूनं नेमा, एक लेआ नेमेल आणि त्या दोघांनी मिळून तिसरा निवडायचा."

लेआनं आप्पांना नेमलं. जोनाथननं आईकडं बघितलं.

"मी बसते," मोझेलबाई म्हणाल्या.

"नात्यातला माणूस खरं तर चालत न्हाय," आप्पा म्हणाले. "मी बी चालत न्हाय. पण दोन्ही बाजूंनी मान्य केलं तर आपल्या जुन्या धर्मशास्त्रात निवाड्याला सख्खा बाप बी चालतो. अहो, तीन गुराखी बसवले तरी चालत्यात. मग आजीनं काय घोडं मारलंय?"

राहिला तिसरा. ठाण्याहून कुणाला बोलवायचं तर दिवस जाणार. बेळगावात आप्पांच्या घराशिवाय त्यांच्यातलं कुणी नाही. तेवढ्यात फाटक वाजलं आणि दुधाच्या किटल्या घेऊन परशराम अण्णा आत आला. आमच्या कंग्राळीचाच. सहा म्हशी, टिळकवाडीत घरोघरी रतीब. त्या दिवशी त्याला उशीर झाला होता.

आप्पा उठूनच उभे राहिले. "मोझेलबाई, गुराखी आला."

"मी?" सगळं ऐकल्यावर परशराम अण्णा दोन पावलं मागं सरला. "न्हाय बा. माझी एक म्हस व्यायला झाल्या. धारंच्या वक्ताला घरात पायजे मी."

"तोवर सोडतो तुला."

"आनी मला कायदा कळत न्हाय."

"मोझेलबाई, हरकत?"

मोझेलबाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. त्यांना वाटलं असावं, हा माणूस घाबरट दिसतो, आपल्या बाजूला ओढता येईल. "नाही," म्हणाल्या. अशा रीतीनं टिळकवाडीत यहुदी न्यायपीठ बसलं. एक वकील, एक सासू आणि एक दूधवाला. दूधवाला खुर्चीच्या अगदी कडेवर.

काम सुरू झालं. लेआ बोलली, जोनाथन बोलला. खरं तर जोनाथन दोन वाक्यं बोलला आणि बाकीची त्याच्या आईनं न्यायाधीशाच्या खुर्चीतून पुरवली. आप्पा मधून मधून "बाई, तुम्ही आता न्यायाधीश हाय, वकील न्हवे," म्हणत होते. परशराम अण्णाला मत विचारलं तेव्हा तो खूप विचार करून म्हणाला, "आमच्यात बगा, रेडकू असलं की..."

"रेडकू?" मोझेलबाई ताडकन उठल्या. "माझ्या नातवाला रेडकू म्हणतो हा?"

"न्हाय वो बाई, रेडकू वायलं, नातू वायला..."

त्यांना बसवायला बराच वेळ गेला. त्यानंतर अण्णा घड्याळ सोडून कशाकडंच बघेना.

मग आप्पा जोनाथनकडं वळले. आवाज एकदम मऊ केला. "पोरा, सहा वर्षानंतर मुलगा बापाकडं का, ठावं हाय? हक्क म्हणून न्हवे. बापानं त्याला शिकवायचं असतंय, म्हणून. तू काय शिकवणार?"

"चांगली शाळा आहे घराजवळ."

"ती शाळा शिकवणार. तू?"

जोनाथन गोंधळला. "आपली प्रार्थना... शेमा शिकवीन."

"म्हण बघू."

तो उभा राहिला, डोळ्यांवर हात ठेवला आणि त्यांची ती रोजची प्रार्थना म्हणायला लागला. पहिली ओळ खणखणीत आली. दुसरी आली. तिसरीला अडला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा तिथंच अडला. मोझेलबाईंचे ओठ हलत होते, पण न्यायाधीश असल्यामुळं त्यांना सांगता येईना. माणूस घामाघूम झाला.

आणि मागच्या दारातून आरोनचा आवाज आला. तिसरी ओळ. मग चौथी. त्याच्यामागं तमार, जिभेला अडखळत, 'र'चा 'ल' करत. दोघं दाराच्या चौकटीत उभी राहून अख्खी प्रार्थना म्हणून मोकळी झाली आणि परत सायकलकडं पळाली.

"कुणी शिकवलं?" आप्पांनी लेआला विचारलं.

"त्यांच्या आजीनं," लेआ म्हणाली. "रोज संध्याकाळी मोबाइलवर. आम्ही भांडत होतो तेव्हासुद्धा त्यांनी एक दिवस चुकवला नाही."

मोझेलबाईंचा चेहरा अभिमानानं फुलला आणि तसाच हळूहळू उतरत गेला. मुलं इथं राहूनही शिकताहेत, आणि दोन्ही शिकताहेत, हे त्यांनीच सिद्ध करून ठेवलं होतं. त्या एकदम चिडल्या. "तुम्हाला काय कळणार थळकर? तुम्हाला ना मूल, ना बाळ. वेगळं होणं म्हणजे काय, ते तुम्हाला काय ठाऊक!"

आप्पांनी चष्मा काढला. पण आता कुणी खोटं बोलत नव्हतं.

"माझा एक थोरला भाऊ हाय," ते म्हणाले. "आमचे बाबा इस्राईलला गेले तेव्हा त्याला घेऊन गेले. तो सहाच्या वर होता न्हवं. मी चारचा, बहीण पाळण्यात, म्हणून आम्ही आईजवळ. मी सहाचा झालो की मला बी पाठवायचं ठरलंतं. बाबा तिकडनं विचारायचे, रहमीम सहाचा झाला काय? आई कळवायची, न्हाय, अजून पाचच हाय. तीन वर्षं मी पाचच होतो. आठव्या वर्षी पहिलीत बसलो. वर्गातली पोरं माझ्या खांद्याला लागायची. मास्तर मलाच दाराची वरची कडी लावायला सांगायचे."

परशराम अण्णा हसला. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबला.

"भाऊ वर्षातनं एकदा फोन करतोय," आप्पा म्हणाले. "तो मराठी इसरलाय. हिब्रूत बोलतोय. मी मराठीत बोलतो. थोडा वेळ दोघं बी हं हं करतो. मग तो रडतोय आणि मी शेंगदाणे चावतो."

मी इतकी वर्षं त्या टेबलाशेजारी बसले होते, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी चष्मा घातला आणि पुन्हा वकिली आवाजात सांगितलं, की त्या सहा वर्षांच्या नियमाखाली पुढच्या पंडितांनी लिहून ठेवलंय, हा नियम आईबापाच्या हक्काचा नाही, पोराच्या भल्याचा आहे. भलं दुसरीकडं असेल तर नियम बाजूला ठेवायचा. आपलं मत असं, की दोन्ही पोरं एकत्र, आईजवळ. खर्च बापाचा. महिन्यातून दोनदा बापानं इथं यायचं, सुट्टीत पोरं ठाण्याला न्यायची, आणि तिसऱ्या ओळीपासून पुढचं पाठ करायचं. जोनाथननं मान डोलावली. बहुधा त्याला पहिल्यापासून एवढंच हवं होतं, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"आणि मी?" मोझेलबाई म्हणाल्या. आवाज एवढासा. "मोबाइलमध्येच राहू?"

आप्पा गडबडले. सगळा कायदा पाठ असलेला माणूस, पण कायद्यात आजी कुठंच नव्हती. ते काहीतरी जुळवायला लागले. परशराम अण्णा मात्र उभाच राहिला. घड्याळात चार वाजत आले होते.

"म्हातारीला हितंच ठिवा की वो," तो घाईघाईनं म्हणाला. "वरची खोली मोकळीच हाय न्हवं? मी जाऊ काय?"

"हरकत!" आप्पा ओरडले. वरची खोली त्यांची होती. तिथं त्यांची पुस्तकं होती आणि रेडिओ होता, आणि तिथं ते आयुष्यभर एकटे सुखानं घोरले होते.

मोझेलबाईंनी डोळे पुसले. "माझं मत दूधवाल्याच्या बाजूनं," त्या म्हणाल्या.

दोन विरुद्ध एक. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मी काय सांगणार? बहुमत ते बहुमत. सोबत आणलेल्या सामानाचा मलिदा त्याच संध्याकाळी झाला. तो चाखायला परशराम अण्णा थांबला नाही. त्याच्या म्हशीला रेडी झाली.

मी संमतीचा अर्ज केला. न्यायाधीशांनी मुलांना आत बोलावून गप्पा मारल्या आणि मंजूर केला. मोझेलबाई सामान आणायला ठाण्याला गेल्या, त्या दोन ट्रंका आणि एक पाटा-वरवंटा घेऊन परत आल्या. आप्पा खालच्या पडवीत झोपायला लागले.

पुढचं वर्ष आप्पा कोर्टात रोज नवं गाऱ्हाणं घेऊन यायचे. बाईंनी लोखंडी तवा फेकून दिला, कारण आप्पांनी वर्षानुवर्षं त्याच्यावर मटणही परतलं होतं आणि लोणी लावून पोळीही भाजली होती, आणि त्यांच्यात मांस आणि दूधदुभतं एका भांड्यात चालत नाही. बाईंनी रेडिओवर विणलेला रुमाल घातला. त्यांचा शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो, तेव्हा दिवे लावायच्या आत घरी पोचलं नाही तर बाई फाटकात उभ्या असतात. "मी जन्मभर दुसऱ्यांची घरं जुळवली गं," ते मला म्हणायचे, "आता माझ्याच घरात मला भेटीचे दिवस ठरवून दिलेत." पण कोट आता इस्त्रीचा असायचा, आणि गळ्याकडची हाडं दिसेनाशी झाली होती. डबा उघडला की नारळाच्या रसातल्या आमटीचा वास बाररूमभर पसरायचा आणि वकील आपापली कामं सोडून टेबलाभोवती जमायचे.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आप्पा गेले. पडवीत, झोपेतच. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि बेळगावात तेवढे कुठले? जोनाथन ठाण्याहून गाडी भरून माणसं घेऊन आला. थडग्याशी उभं राहून त्यानं सगळी प्रार्थना म्हटली, कुठंही न अडखळता. मोझेलबाई माझ्याशेजारी होत्या. त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "कोट इस्त्री करून ठेवला होता हो मी."

पण मला आप्पा आठवतात ते त्याच्या आदल्या हिवाळ्यातले. मुलांच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. माझी भाची त्याच शाळेत, म्हणून मीही गेले होते. माइकवरून मास्तरणीनं पुकारलं, "श्री. आणि सौ. थळकर!" आणि मोझेलबाईंनी मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, "सौ. नाही हो! विहीण!"

मग आजोबांची लिंबू-चमचा शर्यत झाली. आप्पा काळ्या कोटातच पळायला उतरले. दहाएक पावलं गेले आणि लिंबू पडलं. पीटीच्या मास्तरांनी शिट्टी वाजवली, "आजोबा, बाद!"

आप्पांनी तोंडातला चमचा काढला. "बाद कसा? पडलंय, सोडलेलं न्हाय."

"नियम आहे आजोबा."

"कुठं लिहिलाय? दाखवा."

मास्तर दाखवू शकले नाहीत. तोवर बाकीचे आजोबा पोचलेही होते. बक्षिसांचं टेबल मांडलं जात होतं. बायकांच्या रांगेतून मोझेलबाई ओरडल्या, "थळकर, उचला आणि चालायला लागा! निकालाचं मग बघू!"

आप्पांनी वाकून लिंबू उचललं, चमच्यात ठेवलं, चमचा दातांत धरला आणि निघाले. मैदान रिकामं झालं होतं. दोन्ही हात पंखांसारखे पसरून, मान ताठ, एकेक पाऊल टाकत ते येत होते. आरोन शेवटच्या चुन्याच्या रेषेवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. आणि त्यांच्या पुढं तमार उलटी चालत होती, दोन्ही हातांची ओंजळ चमच्याखाली धरून, डोळे फक्त त्या लिंबावर.